पत्र आत्ता कोणाच्या ताब्यात आहे? घरगुती मेल सर्व्हरच्या प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर २०२५

घरातील मंडळींचे ई-मेल स्वतःच्या डोमेनवर आणि स्वतःच्या यंत्रावर ठेवण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. व्याप्ती लहान आहे. मोजक्या मेलपेट्या, दिवसाकाठी थोडी पत्रे, आणि सामूहिक पाठवणी अजिबात नाही. यंत्रही साधेच आहे: कमी वीज खाणारा छोटा संगणक, एक एसएसडी आणि त्यावर यंदा ऑगस्टमध्ये आलेली डेबियन १३ ही लिनक्स प्रणाली.

सॉफ्टवेअर निवडण्याआधी निवडीचा निकष ठरवणे आवश्यक वाटले, कारण वैशिष्ट्यांची यादी पुढे ठेवून निवड करायची म्हटली तर सगळीच सॉफ्टवेअरे सारखी दिसतात. मेल वाहून नेणारा एसएमटीपी हा प्रोटोकॉल १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजाने ठरवून दिला आणि त्याचा नंतरचा सुधारित पाठ २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्ये आहे. त्यातील एक तरतूद या साऱ्या व्यवहाराचा कणा आहे. पत्राचा मजकूर पूर्ण घेतल्यावर सर्व्हरने २५० हा आकडा उच्चारून होकार दिला, की ते पत्र पुढे पोहोचवण्याची, आणि पोहोचवता आले नाही तर पाठवणाऱ्याला तसे कळवण्याची जबाबदारी त्याच्याकडे येते. चारने सुरू होणारा आकडा ‘आत्ता नाही, नंतर या’ असे सांगतो, तर पाचने सुरू होणारा कायमचा नकार असतो. म्हणजे पत्र प्रत्येक टप्प्यावर कोणाच्या तरी ताब्यात असते, आणि ताबा बदलल्याचा क्षण लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या आपोआप होणाऱ्या नोंदवहीत, उमटतो.

यावरून माझा निकष असा ठरला: अमुक पत्र आत्ता कोणाच्या ताब्यात आहे, या प्रश्नाचे उत्तर लॉगमधून कोणत्याही वेळी देता आले पाहिजे. सर्व काही सुरळीत असताना कोणतेही सॉफ्टवेअर चांगलेच वाटते, म्हणून पत्र अडल्यावर ते कसे वागते हे मी पाहणार आहे.

१४ ऑक्टोबर

आज इंटरनेट जोडणीची तपासणी केली. घरी मेल घेणे आणि साठवणे यात विशेष अडचण नसते. पाठवण्याची वेळ आली की इथेच घोडे पेंड खाते.

घरगुती जोडणीला बहुधा स्थिर आयपी पत्ता नसतो. अनेकदा तर तो सार्वजनिकही नसतो, कारण सेवा देणारी कंपनी अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवते. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात दिसला, तर तो अशा सामायिक वापरासाठी २०१२ मध्ये राखून ठेवलेला पत्ता आहे असे समजावे. बाहेरून तिथपर्यंत कोणी थेट पोहोचू शकत नाही. माझ्या राउटरवर तोच पट्टा दिसला. सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या पोर्ट २५ वरून बाहेर जाणारी वाहतूकही बंद आहे. त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. व्हायरस शिरलेले घरगुती संगणक याच पोर्टवरून स्पॅम ओकतात, म्हणून ते बंद ठेवण्याचा प्रघात आहे. याशिवाय स्पॅमविरोधी याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेची पीबीएल ही यादी अशा पत्त्यांची आहे, ज्यांनी परस्पर मेल पाठवणे अपेक्षितच नाही, आणि घरगुती पत्ते त्यात मोठ्या प्रमाणावर असतात. शेवटची बाब डीएनएसमधील, म्हणजे नावे आणि आयपी पत्ते यांची सांगड घालणाऱ्या यंत्रणेतील, उलट्या नोंदीची. आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी पीटीआर नोंद पत्त्याचा मालकच करू शकतो, आणि ती नसेल तर मोठे मेल सर्व्हर दारातूनच परत पाठवतात.

या चारही अडचणींवर एकच तोडगा दिसतो. स्थिर पत्ता आणि पीटीआर नोंदीची सोय असलेला एक लहान सर्व्हर भाड्याने घ्यायचा, जगाशी बोलणे त्याच्याकडे सोपवायचे, आणि तिथून घरापर्यंत वायरगार्ड या सॉफ्टवेअरने सांकेतिक वाहतुकीचा बोगदा काढायचा. मेलपेट्या, पासवर्ड आणि सहीची खाजगी किल्ली घरीच राहतील. हा भाड्याचा, म्हणजे पुढचा सर्व्हर केवळ देवडीवरचा पहारेकरी असेल. बोगद्याची जोडणी घराकडून सुरू होत असल्याने सामायिक पत्त्याची अडचण उरत नाही. मधला राउटर जोडणी विसरू नये म्हणून दर २५ सेकंदांनी एक रिकामे पॅकेट पाठवण्याची सोय वायरगार्डमध्ये आहे.

एक मर्यादा मात्र लिहून ठेवायला हवी. रांगेत थांबलेले पत्र पुढच्या सर्व्हरच्या डिस्कवर उघड्या स्वरूपात असते, त्यामुळे या रचनेला संपूर्ण खाजगी म्हणता येणार नाही. पत्रांचा संग्रह घरी आणि ये-जा भाड्याच्या यंत्रातून, एवढाच दावा खरा आहे.

१८ ऑक्टोबर

मेल वाहणाऱ्या सॉफ्टवेअरची निवड आज पूर्ण केली. हा निर्णय पुढे अनेक वर्षे सोबत राहणार असल्यामुळे त्याची कारणे सविस्तर नोंदवत आहे.

सेंडमेल हे एरिक ऑलमन यांनी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लिहिलेले, १९८० च्या दशकारंभीचे सॉफ्टवेअर आहे. त्या काळी वेगवेगळ्या जाळ्यांचे पत्ते वेगवेगळ्या पद्धतीने लिहिले जात, आणि ते सारे एकमेकांत बदलण्याची ताकद या सॉफ्टवेअरमध्ये होती. ती गरज संपली, पण तिच्यापायी आलेली सेटिंग फाइल उरली, जी मॅक्रो भाषेतून तयार करून घ्यावी लागते. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर आपोआप पसरणारा मॉरिस वर्म हा प्रोग्राम ज्या वाटांनी पसरला, त्यांतली एक वाट सेंडमेलच्या चाचणीसाठी ठेवलेल्या सोयीतून जात होती. एकाच मोठ्या प्रोग्रामला सर्व अधिकार देण्याचा धोका तेव्हा सर्वांच्या लक्षात आला. नव्या कामासाठी त्याची निवड करण्याचे कारण मला दिसले नाही.

डॅनियल बर्नस्टाइन यांच्या क्यूमेलने त्या धोक्याला उत्तर दिले. प्रत्येक काम वेगळ्या लहान प्रोग्रामकडे, आणि प्रत्येकाला लागतील तेवढेच अधिकार. रचना आजही शिकण्यासारखी आहे. पण त्याची १.०३ ही आवृत्ती १९९८ ची असून मूळ स्वरूपात ती ‘हा पत्ता आपल्याकडे आहे का’ हे दारात तपासत नाही. आधी २५० म्हणून पत्र घेते, आणि मागाहून पत्ता नाही असे आढळले की पाठवणाऱ्याला परतपत्र लिहिते. स्पॅममध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा असल्याने हे परतपत्र तिसऱ्याच निरपराध माणसाच्या पेटीत पडते. नंतरच्या लोकांनी जोड देऊन हा दोष काढला आहे. तरीही जे मूळ सॉफ्टवेअर ताबा घेण्याआधी विचार करत नाही, ते माझ्या निकषात बसत नाही.

एक्झिम १९९५ मध्ये केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझेल यांनी लिहायला घेतले. त्याची नियम लिहिण्याची भाषा इतकी समर्थ आहे, की जवळजवळ कोणतीही अट तीत मांडता येते. विद्यापीठासारख्या हजारो खात्यांच्या ठिकाणी हे सामर्थ्य उपयोगी पडते. घरात ते अंगावर येते. जून २०१९ मध्ये उघड झालेली मोठी सुरक्षा-त्रुटीही या भाषेच्या विस्तारातूनच आली होती: पत्त्यात पेरलेला मजकूर आज्ञा म्हणून चालवला जात होता. त्रुटी तातडीने दुरुस्त झाली, आणि त्रुटी कोणाला चुकल्या आहेत? ओपनएसएमटीपीडीची सेटिंग फाइल या सर्वांत सुटसुटीत, अक्षरशः वाक्यासारखी वाचता येणारी, आणि तरीही जानेवारी २०२० मध्ये त्यातही तशीच गंभीर त्रुटी निघाली.

पोस्टफिक्स हे वित्से वेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन विभागात लिहिले आणि ते डिसेंबर १९९८ मध्ये खुले झाले. क्यूमेलप्रमाणेच त्याचेही लहान लहान भाग आहेत, पण ते दारातच पत्ता तपासू शकते. माझ्या दृष्टीने त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे रांग. नुकतीच आलेली, आत्ता वाटली जाणारी, अडलेली आणि मुद्दाम रोखून धरलेली पत्रे वेगवेगळ्या फोल्डरांत असतात, आणि प्रत्येक पत्राला मिळालेला क्रमांक लॉगमध्ये शोधला की त्याची सगळी हकिकत एकापाठोपाठ एक समोर येते.

तयार संचांचाही विचार केला. मेलकाउ, मेल-इन-अ-बॉक्स, आयरेडमेल हे संच पोस्टफिक्स, डव्हकॉट आणि इतर भाग एकत्र बांधून देतात. स्टॉलवर्ट हा रस्ट भाषेतील एकच प्रोग्राम सर्व कामे करतो आणि मेलपेटी वाचण्याच्या आयमॅप या नेहमीच्या प्रोटोकॉलसोबत जेमॅप हा नवा प्रोटोकॉलही बोलतो. ज्यांना एका बैठकीत चालू सर्व्हर हवा आहे त्यांनी संच जरूर घ्यावा. मला मात्र दोन यंत्रांवर कामाची विभागणी करायची आहे, आणि संच एका यंत्रावर सर्व काही असेल असे गृहीत धरतात. ते गृहीतक मोडत बसण्यापेक्षा भाग स्वतः जोडणे सोपे आहे.

निर्णय: दोन्ही यंत्रांवर पोस्टफिक्स.

१९ ऑक्टोबर

साठवण आणि वाचनासाठी डव्हकॉट. टिमो सिराइनेन यांचे हे सॉफ्टवेअर २००२ पासून उपलब्ध आहे आणि इथे स्पर्धा फारशी नाही. पत्रे मेलडिर पद्धतीने ठेवणार आहे, म्हणजे प्रत्येक पत्राची वेगळी फाइल. पत्र आधी टीएमपी या फोल्डरमध्ये पूर्ण लिहिले जाते, मग न्यू मध्ये सरकते, आणि वाचक-प्रोग्रामच्या नजरेस पडले की ‘कर’ (cur) मध्ये जाते. लिहिता लिहिता वीज गेली तरी अर्धवट पत्र पेटीत येत नाही. जुन्या एमबॉक्स पद्धतीत सारी पेटी एका फाइलमध्ये असते, त्यामुळे एका पत्राचे बिघडले की शेजारच्यांचेही बिघडू शकते, आणि रोजच्या बॅकअपला संपूर्ण फाइल बदललेली दिसते.

डेबियन १३ सोबत डव्हकॉटची २.४ ही आवृत्ती येते आणि तिची सेटिंग पद्धत २.३ शी जुळत नाही. फाइलच्या आरंभी सेटिंगची आवृत्ती लिहावी लागते, आणि मेल कुठे ठेवायची हे सांगणारी जुनी एक ओळ आता साठवणीचा प्रकार व मार्ग अशा दोन ओळींत विभागली आहे. इंटरनेटवर सापडणारी बहुतेक मार्गदर्शने जुन्या आवृत्तीची आहेत, त्यामुळे त्यांतून ओळी उचलून चिकटवणे बंद करून मूळ दस्तऐवज वाचायला घेतले.

२५ ऑक्टोबर

दोन्ही पोस्टफिक्स बसवले. पुढच्या यंत्रावरील नियम लिहिताना एक तत्त्व पाळले आहे: नकार द्यायचा असेल तर २५० म्हणण्याआधीच द्यायचा. नकार दारात दिला तर परतपत्र लिहिण्याचे काम पाठवणाऱ्या सर्व्हरवर राहते. होकार देऊन मग नाकारले तर ते आपल्यावर येते, आणि मग आपणही क्यूमेलच्या मूळ दोषाचे धनी होतो.

याचा पहिला परिणाम असा, की घरातील सर्व वैध पत्त्यांची यादी पुढच्या यंत्रावरही ठेवावी लागते. ‘आपल्या डोमेनचे जे येईल ते घरी ढकला’ एवढेच लिहिले, तर कोणत्याही मनघडंत नावाचे पत्र पुढे स्वीकारले जाईल आणि घरी नाकारले जाईल. यादी घरीच तयार होते आणि बदल झाला की बोगद्यातून पुढे पाठवली जाते.

दुसरा परिणाम आकारमर्यादेबाबत. पोस्टफिक्समध्ये पत्राची कमाल मर्यादा मुळात १,०२,४०,००० बाइट असते. जोडलेली फाइल बेस६४ पद्धतीने मजकुरात बदलताना ओळींच्या शेवटांसह साधारण ३७ टक्क्यांनी फुगते, म्हणून प्रत्यक्षात सुमारे ७५ लाख बाइटांहून मोठी फाइल जात नाही. मर्यादा वाढवली, आणि दोन्ही यंत्रांवर तोच आकडा ठेवला. पुढे मोठा आणि घरी लहान आकडा असता, तर देवडीवर होकार आणि घरात नकार असा प्रकार पुन्हा झाला असता.

परकी पत्रे परक्यांकडे पोहोचवण्याचे दार बंद आहे. बोगद्यातून येणारे घरचे यंत्र आणि पासवर्डने ओळख पटलेले वापरकर्ते सोडून इतरांना फक्त आपल्याच डोमेनसाठी पत्र देता येते. बाहेरच्या जोडणीवरून दुसऱ्या डोमेनला पत्र देऊन पाहिले. ५५४ आणि ‘रिले ॲक्सेस डिनाइड’ हे अपेक्षित उत्तर मिळाले.

२६ ऑक्टोबर

जोडणी सांकेतिक करणाऱ्या टीएलएससाठी लागणारी प्रमाणपत्रे लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून घेतली. मुदत ९० दिवसांची असते आणि मुदत संपत आल्याची सूचना देणारी पत्रे ती संस्था यंदाच्या जूनपासून पाठवत नाही, त्यामुळे नूतनीकरण आपोआप झाले तरी तपासणी आपल्यालाच लावावी लागते. नवीन प्रमाणपत्र आल्यावर डव्हकॉटला ते पुन्हा वाचण्याची आज्ञाही त्याच वेळी दिली जाते. घरच्या यंत्राचे प्रमाणपत्र डीएनएस नोंदीच्या मार्गाने घेतले, कारण त्याचे पोर्ट ८० बाहेरून दिसत नाही.

१ नोव्हेंबर

डीएनएस नोंदींचा दिवस. डोमेनची पत्रे कोणत्या यंत्राकडे द्यायची हे सांगणारी एमएक्स नोंद पुढच्या यंत्राकडे बोट दाखवते. त्या यंत्राचे नाव, त्याची पीटीआर नोंद आणि बोलणे सुरू करताना ते स्वतःचे जे नाव सांगते, ही तिन्ही तंतोतंत एकच ठेवली.

एसपीएफ नोंद या डोमेनच्या नावाने कोणते पत्ते पत्र पाठवू शकतात ते सांगते. आपल्याकडे बाहेर जाण्याचा मार्ग एकच असल्याने ती अगदी आखूड झाली: एमएक्समध्ये लिहिलेले यंत्र, बाकी कोणी नाही. पडताळणी करताना दहाहून अधिक डीएनएस चौकश्या होता कामा नयेत अशी मर्यादा आहे. पाच-सहा बाहेरच्या सेवा वापरणाऱ्या संस्थांना ती जाचते, आपल्याला तिची झळ नाही.

डीकिम ही पत्रावरील सही. खाजगी किल्ली घरच्या यंत्रावर आहे आणि सही तिथेच होते. पुढचे यंत्र त्या पत्राच्या सही झालेल्या भागाला हात लावत नाही. सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये ठेवावी लागते, आणि टीएक्सटी नोंदीतील एक तुकडा २५५ बाइटांपेक्षा मोठा चालत नाही. २०४८ बिटांची किल्ली त्यात मावत नाही, म्हणून ती दोन तुकड्यांत लिहिली. काही नोंदणी-पाने हे विभाजन स्वतः करतात आणि काही मुकाट्याने शेपूट कापतात, म्हणून नोंद जतन केल्यावर ती बाहेरून मागवून अक्षर न अक्षर ताडून पाहिली.

डीमार्क नोंद या दोघांना पत्रावर दिसणाऱ्या ‘प्रेषक’ पत्त्याशी बांधते. हा दुवा महत्त्वाचा आहे, कारण एसपीएफ तपासते ते लिफाफ्यावरचे नाव असते आणि वाचणाऱ्याला दिसते ते आतल्या कागदावरचे. तूर्त धोरण ‘काही करू नका, फक्त अहवाल पाठवा’ असे ठेवले आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने आपल्याकडे पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी एक आणि नीट उलटी नोंद बंधनकारक केली आहे. दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात. आपण त्या आकड्याच्या आसपासही नाही, पण लहान सर्व्हरवर विश्वास ठेवण्यासाठी समोरच्याकडे दुसरे कारणच नसते, म्हणून तिन्ही केले.

८ नोव्हेंबर

स्पॅम. स्पॅमअसॅसिन हे पर्लमधील जुने आणि भरवशाचे सॉफ्टवेअर; आरस्पॅमडी हे सी भाषेतील, वेगवान. निवड आरस्पॅमडीची केली, आणि ती पुढच्या यंत्रावर, कारण नकार दारातच द्यायचा हे तत्त्व इथेही लागू आहे. प्रत्येक पत्राला गुण मिळतात. मूळ सेटिंगमध्ये चार गुणांवर पत्राला ‘नंतर या’ सांगितले जाते, सहावर संशयित असा शेरा लागतो आणि पंधरावर सरळ नकार. अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा परत पाठवण्याची ही युक्ती २००३ पासून प्रचलित आहे. ती सरसकट लावली तर लॉगिनचे तात्पुरते सांकेतिक आकडे त्यांची मुदत संपल्यावर येऊन पोहोचतात, म्हणून ती फक्त मधल्या गुणांच्या पत्रांना लावणे मला पटते.

त्याही आधी पोस्टफिक्सचा पोस्टस्क्रीन हा भाग उभा आहे. एसएमटीपीत आधी सर्व्हरने स्वागताची ओळ म्हणायची आणि मग आलेल्याने बोलायचे असा शिष्टाचार आहे. पोस्टस्क्रीन त्या ओळीचा अर्धाच भाग उच्चारून सहा सेकंद गप्प बसतो. रीतसर मेल सर्व्हर वाट पाहतो. स्पॅम पाठवणाऱ्या यंत्राला घाई असते, ते मध्येच बोलते आणि सापडते. लॉगमध्ये ‘प्रीग्रीट’ या शब्दानंतर त्याने किती सेकंदांत किती बाइट बडबड केली तेही येते. आज दुपारभर त्या ओळी वाचत बसलो, हे मान्य करायला हरकत नाही.

काळ्या याद्यांबाबत एक बारकावा. स्पॅमहाउसची यादी सार्वजनिक डीएनएस सेवेमार्फत विचारली, तर खऱ्या उत्तराऐवजी १२७.२५५.२५५.२५४ हा त्रुटीचा संकेत येतो. कोणतेही उत्तर म्हणजे ‘यादीत आहे’ असे मानणारा नियम लिहिलेला असेल, तर जगातले प्रत्येक पत्र स्पॅम ठरून परत जाईल. म्हणून पुढच्या यंत्रावर अनबाउंड हे डीएनएस विचारणारे सॉफ्टवेअर बसवून डीएनएसच्या चौकश्या थेट केल्या, आणि नियमांत उत्तराचा आकडाही तपासायला लावला.

९ नोव्हेंबर

देवनागरी विषय-ओळींची चाचणी केली. पत्राच्या शीर्षभागात साधी रोमन अक्षरेच चालतात हा जुना नियम असल्याने, १९९६ च्या आरएफसी २०४७ नुसार विषय सांकेतिक तुकड्यांत बांधला जातो. एक तुकडा ७५ अक्षरांहून लांब चालत नाही. त्यातून युटीएफ-८ चे नाव आणि खुणा वजा जाता बेस६४ साठी ६० अक्षरे उरतात, म्हणजे ४५ बाइट. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एका तुकड्यात जास्तीत जास्त १५ चिन्हे. इथे काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे धरायची, त्यामुळे ‘प्रकल्पाच्या’ हा एकच शब्द बारा चिन्हे खातो. तुकडा चिन्हाच्या मधोमध तोडू नये असा नियम आहे, आणि तो न पाळणाऱ्या प्रोग्राममधून आलेल्या विषयांत अधूनमधून काळे चौकोन दिसतात. लांब विषयांची पत्रे दोन्ही दिशांनी पाठवून पाहिली. आपल्या बाजूचे सर्व भाग या तुकड्यांना धक्का न लावता पुढे देतात.

१५ नोव्हेंबर

बाहेरच्या वेगवेगळ्या सेवांवरील स्वतःच्या खात्यांना पत्रे पाठवली. बहुतेक ठिकाणी ती सरळ पोहोचली. एका मोठ्या सेवेने २५० म्हणून पत्र घेतले आणि स्पॅमच्या कप्प्यात टाकले. आपल्या लॉगमध्ये ताबा दिल्याची ओळ स्वच्छ आहे, समोरच्या पत्रात एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्हींपुढे ‘पास’ आहे, आणि तरीही कारण काय याबद्दल ती सेवा ताकास तूर लागू देत नाही. माझ्या निकषाची हद्द इथे संपते. ताबा कोणाकडे आहे हे लॉग सांगू शकतो, पण ताबा घेतलेल्याने पत्राचे काय केले हे नाही.

नव्या पत्त्याला आणि नव्या डोमेनला नावलौकिक नसतो, तो थोड्या थोड्या खऱ्या पत्रव्यवहारानेच तयार होतो. ओळखीच्यांशी नेहमीचा पत्रव्यवहार या पत्त्यावरून सुरू केला आहे. ज्यांच्याकडे पत्र स्पॅममध्ये पडले त्यांना ते बाहेर काढून उत्तर द्यायला सांगितले. महत्त्वाच्या अर्जांसाठी तूर्त जुनाच पत्ता.

२२ नोव्हेंबर

वाचण्याचे सॉफ्टवेअर. संगणकावर थंडरबर्ड, फोनवर थंडरबर्डच, जे पूर्वीच्या के-९ मेलवरून तयार झाले आहे. राउंडक्यूबसारखी वेबमेल आत्ता नको, कारण तिच्यासोबत वेब सर्व्हर, पीएचपी आणि त्यांची अद्ययावतता एवढे सगळे सांभाळावे लागेल. पाठवण्यासाठी पोर्ट ४६५ आणि वाचण्यासाठी ९९३, दोन्हींत पहिल्या बाइटपासून टीएलएस. २०१८ च्या आरएफसी ८३१४ चा सल्लाही हाच आहे. पुढचे यंत्र या दोन पोर्टांची वाहतूक न उघडता घरी पाठवते, त्यामुळे पासवर्ड त्याला दिसत नाहीत.

२९ नोव्हेंबर

घरची जोडणी मुद्दाम तोडून पाहिली. बाहेरून एक पत्र पाठवले. पुढच्या यंत्राने ते घेतले आणि लॉगमध्ये ‘डेफर्ड’, कारण ४.४.१, जोडणीची मुदत संपली, अशी ओळ आली. त्याच ओळीत ‘डिलेज’ या शब्दापुढे तिरक्या रेघांनी वेगळे केलेले चार आकडे असतात: रांगेच्या व्यवस्थापकाकडे येईपर्यंतचा वेळ, त्याच्याकडे गेलेला वेळ, जोडणी जुळवण्यात गेलेला वेळ, आणि प्रत्यक्ष पत्र देण्याचा वेळ. जोडणी तुटलेली असताना तिसरा आकडा ३० वर पोहोचला होता आणि चौथा शून्य होता. बिघाड कुठे आहे हे दुसरे काही न वाचता या चार आकड्यांतून कळते, आणि पोस्टफिक्स निवडल्याचे मला समाधान आहे ते अशा ओळींमुळे.

जोडणी परत आल्यावर पत्र लगेच आले नाही. पुन्हा प्रयत्न करण्यातील अंतर पोस्टफिक्समध्ये ३०० सेकंदांपासून ४,००० सेकंदांपर्यंत वाढत जाते, म्हणजे घरची जोडणी परतल्यानंतरही एखादे पत्र तासाभराहून अधिक काळ थांबू शकते. बोगदा पुन्हा सुरू झाला की घरच्या यंत्राने ‘आमची रांग मोकळी करा’ अशी ईटीआरएन ही आज्ञा पुढे द्यावी, अशी व्यवस्था केली. ही आज्ञा १९९६ ची, मोडेमवरून अधूनमधून जोडल्या जाणाऱ्या यंत्रांसाठी केलेली. इथे नेमकी उपयोगी पडली. पत्र रांगेत ठेवण्याची कमाल मुदत पाच दिवसांची असते, ती पुढच्या यंत्रावर दहा दिवसांची केली.

बॅकअपही तपासला. दुसऱ्या यंत्रावर पेटी उभी करून, त्यात शोधून आणि एक जोडलेली फाइल उघडून पाहिली. फक्त प्रत काढल्याचा संदेश पुरेसा मानलेला नाही.

१० जानेवारी २०२६

डीमार्कचे रोजचे अहवाल आजवर वाचत आलो. आपल्या नावाने जाणारी सर्व खरी पत्रे एकाच पत्त्यावरून निघत असून त्यांच्या सह्या जुळत आहेत. म्हणून धोरण ‘संशयित माना’ असे केले.

जुन्या सेवेवरील पत्रे नव्या पेट्यांत आणली आणि जुन्या पत्त्यावर येणारी पत्रे इकडे वळवली. या वळणावर माझ्याच तत्त्वाला अपवाद करावा लागला. वळवलेले पत्र जुन्या सेवेच्या यंत्राकडून येते, त्यामुळे मूळ पाठवणाऱ्याची एसपीएफ चाचणी नापास होते. डीकिमची सही मात्र मजकूर न बदलल्यास टिकते. तिकडून आलेले स्पॅम आपण दारात नाकारले, तर परतपत्र लिहिण्याची पाळी जुन्या सेवेवर येते, आणि तिच्या नजरेत आपले यंत्र सतत नकार देणारे ठरते. म्हणून त्या सेवेच्या पत्त्यांवरून आलेल्या पत्रांना एसपीएफचे गुण लावायचे नाहीत, त्यांना दारात नाकारायचे नाही, आणि पंधराहून अधिक गुण मिळाले तरी ती घरी आणून स्पॅमच्या कप्प्यात ठेवायची, असा वेगळा नियम लिहिला आहे. जुना पत्ता बंद होईल त्या दिवशी हा नियम काढून टाकायचा आहे; तशी टीप सेटिंग फाइलमध्ये त्या ओळीच्या वरच लिहिली आहे.